ओढ्यापलीकडची खोप

याबुरीच्या प्रसूतिगृहात वर्षभरात एकही बाई बाळंत झाली नाही, हे कळलं तेव्हा आमच्या कमिटीत ज्याने त्याने आपापलं कारण काढलं. कुणी म्हणालं अज्ञान, कुणी म्हणालं अंधश्रद्धा. साकेत आयटीतला. तो म्हणाला, अवेअरनेसचा प्रॉब्लेम आहे, आपण एक छानसा व्हिडिओ करून पाठवू. मी म्हटलं, अरे बाबा, बाळंत कसं व्हायचं हे बायकांना व्हिडिओतून शिकवावं लागत नाही. मॅटर्निटी वॉर्डात मिडवाइफ म्हणून माझा जन्म गेलाय, मला विचार.

आधी हे याबुरी कुठलं ते सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई मधूनच सुरू झाली. पापुआ न्यू गिनीच्या घनदाट जंगलात नदीकाठी एक छोटं गाव आहे, ते याबुरी. आमचे डॉक्टर पुरुषोत्तम तरुणपणी, इंग्लंडला यायच्या आधी, त्या देशात किनाऱ्यावरच्या एका हॉस्पिटलात सर्जन होते. जंगलातल्या अडलेल्या बायका त्यांच्यापर्यंत पोचायच्या त्या इतक्या उशिरा, की हात चोळत बसण्यापलीकडे काही उरायचं नाही. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी मिल्टन कीन्समधल्या आम्हा मराठी मंडळींना गोळा केलं, चॅरिटी काढली आणि याबुरीत आईच्या नावाने प्रसूतिगृह बांधलं. 'कै. लीलावतीबाई प्रसूतिगृह' अशी पाटीही लावली, देवनागरीत. वाचणारं तिथे कुणी नाही, पण डॉक्टरांच्या हट्टापुढे कोण बोलणार?

जागा साकेतने सॅटेलाइटच्या फोटोवरून निवडली. विमानाच्या धावपट्टीला अगदी लागून, म्हणजे पत्रे आणि सिमेंट लांब वाहायला नको. गावातल्या पुढाऱ्यांना व्हिडिओ कॉलवर विचारलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. सपाट, कोरडी, गावापासून जवळची जागा, नाही म्हणायला कारणच नव्हतं. चांगली खाट गेली, औषधांची पेटी गेली, छपरावर सोलर पॅनल गेलं आणि आपल्या ऑपरेशन थिएटरात शोभेल असा लख्ख दिवा गेला. आणि मग वर्षभर काही नाही.

त्या उन्हाळ्यात डोर्कस आमच्याकडे आली. ती याबुरीच्या दवाखान्यातली आरोग्यसेविका, तिशीतली, बुटकी, मजबूत हाडापेराची. इथल्या हॉस्पिटलात दोन महिने बघून शिकायची परवानगी मिळाली होती आणि राहायला आमचं घर. माझ्या नवऱ्याने, शशिकांतने, आपली स्टडी कुरकुर न करता तिला देऊन टाकली, हेच मोठं नवल. त्यांच्याकडे आईच्या वयाच्या बाईला 'मामा' म्हणतात. मी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की आमच्याकडे मामाला मिशा असतात. ती पोट धरून हसली आणि मामाच म्हणत राहिली. आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, पण मला ते आठवतं मराठीतून, त्याला माझा इलाज नाही.

एका चतुर्थीला मी साबुदाणा भिजवला होता. तिने दोन दाणे चिमटीत धरले, दातांखाली चावून बघितले आणि म्हणाली, हे आमचं जेवण आहे, पण इतके गोल गोळे कशाला करता? मग तिने सांगितलं. सागोचं झाड पुरुष पाडतात, आतला गाभा बायका कुटून काढतात आणि ओढ्याच्या पाण्यात तुडवून-धुवून त्याचं पीठ खाली बसवतात. एका झाडावर एक कुटुंब कितीतरी आठवडे जेवतं. आमचा साबुदाणा कंदाचा, तिचा झाडाचा, पण आम्ही उपासाला चवीने खातो तसलंच ती रोज खाते, आणि त्याच्यासोबत मासा मिळाला तर तो दिवस चांगला. तिला खिचडी आवडली, दाण्याचं कूट मात्र तिने बाजूला काढून ठेवलं.

गावाला रस्ता नाही. जवळचं हॉस्पिटल पायी चार दिवसांवर, तेही पाऊस नसेल तर, आणि पाऊस नसतो कधी? मीठ, औषधं, शाळेची पुस्तकं, सगळं त्या छोट्या विमानातून येतं. धावपट्टी म्हणजे गवताचा पट्टा. ते गवत गावातले पुरुष कापतात. आठवडाभर कापलं नाही तर तिथलं गवत कमरेला लागतं, पायलट वरून दोन घिरट्या घालतो आणि निघून जातो. एकदा शाळेचा मास्तर असाच वरूनच परत गेला तो पुढल्या वर्षी आला, असं डोर्कस अगदी सहज सांगायची. ऐकून मलाच राग यायचा. ती म्हणायची, मामा, रागावून गवत कापलं जात नाही.

पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी होतं. ते तिने एका रविवारी, मी भांडी विसळत असताना सांगितलं. तिची मोठी बहीण मिरियम बाळंतपणात गेली होती. याबुरीत बायका गावात बाळंत होत नाहीत. गावाच्या टोकाला ओढा आहे, त्याच्या पलीकडे झाडीत एक खोप आहे, कळा सुरू झाल्या की बाईने तिथे जायचं. बाळंतपणाचं रक्त पुरुषाच्या वाटेत आलं तर त्याची ताकद जाते, तो आजारी पडतो, असं तिथले सगळे मानतात. मिरियमला मूल झालं आणि मग रक्त थांबेना. खोपीत शेकोटीचा उजेड तेवढाच. किती जातंय ते कुणाला दिसलंच नाही, खाली अंथरलेल्या पानांतून जमिनीत मुरत राहिलं. कळलं तेव्हा तिचे हात गार पडले होते.

आता धाकटी, रिबेका, गरोदर होती. डोर्कस परत गेल्यावर महिन्याभरातच तिची वेळ येणार होती.

"मामा, मला तो दिवा, त्याचं सोलर पॅनल, ती खाट आणि औषधांची पेटी ओढ्यापलीकडे न्यायची आहे," डोर्कस म्हणाली. "तुम्ही कमिटीला सांगा."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हातातलं पातेलं मी सिंकमध्ये आदळलं. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. दर महिन्याला मागच्या दाराशी पोत्यावर बसायचं, तांब्या वेगळा, ताट भाऊ लांबून सरकवणार. बारावीच्या केमिस्ट्रीचा अभ्यास मी त्या पोत्यावर बसून केलाय. बाईच्या रक्ताने कुणाचं काही बिघडतं हे माझ्यापुढे कुणी म्हणायचं नाही, या रागातूनच मी मिडवाइफ झाले. आणि आता माझ्याच चॅरिटीने बाईला गावाबाहेर काढणाऱ्या खोपीत दिवा लावायचा? मी डोर्कसला साफ सांगितलं, मेले तरी त्याला हात वर करणार नाही. रिबेकाला प्रसूतिगृहात आण, पुरुष काय बोंबलायचे ते बोंबलू देत.

ती शांतपणे भांडी पुसत होती. म्हणाली, तुम्ही पोत्यावर बसायचात तेव्हा सोबत कोण असायचं? मी म्हटलं, कोण असणार, एकटीच. तर म्हणाली, आमच्याकडे एकटी कुणी नसते. आई, मावश्या, जावा, सगळ्या जातात, गाणी म्हणतात, पाठ चोळतात. तिथे आम्हाला गप्प बस म्हणणारं कुणी येत नाही. उजेड तेवढा नाही.

मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, कबूल करते. शशिकांत मध्ये पडायला आला तर त्याला म्हटलं, तुम्ही कधी पोत्यावर बसला होतात का? तो बिचारा पेपर घेऊन मागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत, गेला.

तिसऱ्या दिवशी बोलणं सुरू झालं ते रेडवेवर. आमच्या मिल्टन कीन्समध्ये गाड्यांचे रस्ते वेगळे आणि चालणाऱ्यांच्या लाल वाटा वेगळ्या, रस्ता आला की वाट खालून बोगद्यातून जाते. आम्ही दोघी लायब्ररीकडे निघालो होतो. बोगद्यात डोर्कस थांबली. वरून लॉऱ्या धडधडत होत्या. हे असं वेगळं कशाला केलंय, तिने विचारलं. मी फुरंगटूनच म्हटलं, एकाने दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये म्हणून.

"आमच्याकडे गावातून धावपट्टीला जायला एकच वाट आहे," ती म्हणाली. "एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला दलदल. आणि तुम्ही बाळंतिणीचं घर बरोबर त्या वाटेवर बांधलंत."

मी म्हटलं, म्हणजे काय?

मग तिने सगळं उलगडून सांगितलं. तिथे एक बाई जरी बाळंत झाली, एकदा जरी तिथे रक्त सांडलं, तर त्या घरावरून कुठलाही पुरुष जाणार नाही. धावपट्टीवर जायला दुसरी वाट नाही. म्हणजे गवत कापणार कोण? बायकांनी कापायचं म्हटलं तर सागो कोण धुणार, पोरं कोण बघणार? गवत वाढणार, विमान परत जाणार. औषधं बंद, लसी बंद, मीठसुद्धा बंद. बायकांनी आपसात बसून ठरवलं होतं की त्या घरात कुणीही पाऊल टाकायचं नाही. अख्ख्या गावाचं विमान चालू राहावं म्हणून त्या अंधारात बाळंत होत होत्या. आणि आम्ही इथे बसून त्यांना अज्ञानी म्हणत होतो.

मग मला का नाही सांगितलंस आधी, मी विचारलं. तर म्हणाली, व्हिडिओ कॉलवर माझे काका असतात, तुमचे पुरुष असतात. असल्या गोष्टी पुरुषांपुढे बोलायच्या म्हणजे आमच्याकडे लाजेने मरायचं. बायकांना वेगळं कुणी विचारलंच नाही. ते खरंच होतं. मी स्वतः त्या कॉलवर होते आणि मीही विचारलं नव्हतं.

हे विटाळाचं खूळ चूकच आहे, मी मरेपर्यंत म्हणत राहीन. पण पुरुषांना अक्कल येईपर्यंत रिबेकाचं मूल पोटात थांबणार नव्हतं. मी तिथेच बोगद्यात डोर्कसला सांगितलं, दिवा ओढ्यापलीकडे जाईल, बघतेच कसा जात नाही ते. तुम्हीच ठरवून घेऊन का जात नाही, असंही मी तिला विचारलं. आमच्या परवानगीची कोण वाट बघतंय? ती दचकलीच. ते घर डॉक्टरांच्या मेलेल्या आईच्या नावाचं आहे. मेलेल्या माणसाच्या घरातली वस्तू त्याच्या मुलाने तोंडाने सांगितल्याशिवाय हलवायची नाही, हलवली तर तो माणूस रागावतो आणि पहिला आजार रिबेकाच्या घरी येईल. सह्या-शिक्के तिला नको होते. डॉक्टरांचा शब्द हवा होता, त्यांच्या तोंडून.

आणि डॉक्टर शब्द देणारे नव्हते. मी फोनवर विषय काढला तर म्हणाले, सुनीती, आईच्या नावाच्या वास्तूचं गवत कापायच्या मशीनचं गोदाम करायचं का? कारण तिथे आता तेच ठेवलं होतं, कोरडी जागा म्हणून. पुढल्या वर्षी पैसे जमवू, ओढ्यापलीकडे दुसरं बांधू, पण आईचं आहे त्याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, पुढल्या वर्षी रिबेका असेल का? त्यांनी फोन ठेवला. पुरुषोत्तम माणूस वाईट नाही. आईचा एकुलता एक, तिच्या शेवटच्या आजारात इथून वेळेवर पोचला नाही, आणि ते घर म्हणजे त्याने तिला पोचवलेलं सगळं काही.

मी त्याच रविवारी त्यांच्या घरी मीटिंग लावली. डोर्कसला म्हटलं, तुला पुरुषांसमोर बोलायला नको, मी बोलेन. ती हो म्हणाली. चहा झाला, चिवडा झाला. मी एका वाटेचं सगळं सांगितलं. साकेतचा चेहरा पांढरा पडला, त्याने लॅपटॉप उघडून फोटोत ती वाट शोधली आणि झाकण मिटलं. डॉक्टरांचं मात्र एकच, बायका मला सांगत नाहीत तोवर मी ऐकीव गोष्टींवर आईचं घर मोडणार नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात डोर्कस उभी राहिली. तिने हात मागे बांधले. नजर माझ्यावर ठेवून, जणू खोलीत मी एकटीच आहे, ती बोलायला लागली. मिरियमचं सांगितलं. पानांचं सांगितलं, रक्त कसं दिसलं नाही ते सांगितलं. काकांसमोर जे मेली तरी बोलली नसती ते सगळं तिने पाच परक्या पुरुषांसमोर सांगितलं. मला तिचा फार अभिमान वाटला. मग पहिल्यांदाच तिने डॉक्टरांकडे मान वळवली.

"तुमच्या आईचं घर रिकामं नाही," ती म्हणाली. "त्यात यंत्र कोरडं राहतं, म्हणून गवत कापलं जातं, म्हणून विमान उतरतं. तुमच्या आईने आम्हाला विमान दिलं. दिवा मात्र तिथे यंत्रासाठी जळतोय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते उठले, जॅकेटचं बटण लावलं आणि साकेतला म्हणाले, फोन धर, रेकॉर्ड कर. आणि चाळीस वर्षं न बोललेल्या तिथल्या भाषेत ते अडखळत बोलायला लागले. शब्द सापडेना की डोर्कस हळूच पुरवायची. मला 'मामा' तेवढं कळलं. संपल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? डोर्कसचे डोळे भरले होते. म्हणाली, 'मी लीलावतीचा मुलगा. माझ्या आईचा दिवा ओढ्यापलीकडे न्या, तिनेच सांगितलंय असं समजा.'

पुढचे दिवस धावपळीत गेले. अतिरक्तस्राव थांबवणाऱ्या, फ्रीजची गरज नसलेल्या गोळ्या कशा द्यायच्या, पोटावरून गर्भाशय कसं चोळून घट्ट ठेवायचं, कापड किती भिजलं म्हणजे घाबरायचं, हे मी डोर्कसकडून इतक्या वेळा करून घेतलं की शशिकांत म्हणाला, तिला झोपेत विचारलंस तरी सांगेल. खाटेवर आणि खाली पानांवर अंथरायला मी पांढऱ्या चादरी दिल्या. पांढऱ्याच हव्यात, रक्त दिसलं पाहिजे, असं मी तिला बजावलं. हीथ्रोवर तिने मला मिठी मारली. जा आणि नीट कर, एवढंच म्हटलं.

सप्टेंबरात एका सकाळी मी मेथी निवडत होते आणि तिचा कॉल आला. शाळेच्या छपरावर इंटरनेटची डिश आहे, ऊन असेल तर चालते. चेहरा थकलेला, केस विस्कटलेले. मी हॅलो न म्हणताच विचारलं, कशी आहे?

रिबेकाला आदल्या संध्याकाळी मुलगी झाली होती. वार पडली आणि पाठोपाठ रक्त सुरू झालं, मिरियमसारखंच. पण या वेळी दिसलं. चादर लाल होताना सगळ्या बायकांनी पाहिली. डोर्कसने गोळ्या दिल्या, पोट चोळत राहिली, मावशीने दुसऱ्या बाजूने हात लावला, आणि रक्त हळूहळू थांबलं. रिबेकाने सकाळी सागोची पेज मागून घेतली. मी मेथीच्या जुडीतच तोंड खुपसून रडले. इतकी बाळंतपणं केली, पण अशी कधी रडले नव्हते.

मग डोर्कस म्हणाली, आणखी एक झालं. अंधार पडल्यावर ओढ्यापलीकडे उजेड दिसतोय हे गावात पहिल्यांदाच सगळ्यांनी पाहिलं. पूर्वी तिथे काळोख असायचा, आत कोण जगतंय, कोण मरतंय, पुरुषांना पत्ताच नसायचा. रिबेकाचा नवरा उठला आणि ओढ्याच्या अलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला, पाठमोरा, कारण तिकडे बघायचं नसतं. असा तिथे कधी कुणी आला नव्हता. पाठमोराच राहून त्याने मोठ्याने विचारलं. मुलगा की मुलगी, हे नाही विचारलं. रिबेका आहे ना, असं विचारलं. तिच्या तोंडून 'आहे' ऐकेपर्यंत तो तिथून हलला नाही.

मी डोळे पुसले. म्हटलं, त्याला सांग, पुढच्या वेळी तोंड तिकडे करून उभा राहा म्हणावं.

"ते तुम्ही येऊन सांगा, मामा," डोर्कस म्हणाली. "माझं तो ऐकायचा नाही."

माझं वय सदुसष्ट, गुडघे बोंबलतात, आणि छोट्या विमानाची मला भारी भीती. शशिकांत दारात उभा राहून ऐकत होता. मी त्याला म्हटलं, अहो, जीपीला फोन लावा, मला मलेरियाच्या गोळ्या लागणार आहेत.